रकाना : इतर

६ मे

बाबा,

शाळेत शिकवलेला लांबलचक मायना गाळते आहे, कारण कागद दोनच उरलेत. नमस्कार मात्र पूर्ण वाकून.

सुखरूप पोचले. खोली ठीक आहे. घरमालकीणबाई शिवणकाम करतात, त्यामुळे जिन्यात पाऊल टाकलं की आधी मशीनचा आवाज येतो आणि मग त्या येतात. त्यांचे नियम तीन. नळ घट्ट बंद करायचा, दार आपटायचं नाही आणि कपडा उसवला तर परक्याकडे द्यायचा नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते. तिच्यावरचा एक पाइप सतत गळतो. तुम्ही असता तर एव्हाना त्याच्यावर अर्ज लिहून झाला असता.

मुख्यालय अठरा मजली आहे. दाराची काच इतकी स्वच्छ की पहिल्याच दिवशी मी कपाळाने तिला नमस्कार केला. पहारेकरी म्हणाला, "रोज एक जण आदळतोच. आजचा झाला." लिफ्टमध्ये आत बटणंच नाहीत. मजला बाहेर सांगायचा असतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी आत शिरले, भिंती चाचपल्या आणि कोणाच्या तरी मागे अकराव्या मजल्यावर जाऊन परत आले. गळ्यात कार्ड आहे. त्यावरच्या फोटोत मी काहीतरी चोरून पकडली गेल्यासारखी दिसते.

आम्ही शिकाऊ दहा जण आहोत, दहा आठवड्यांसाठी. आमच्यावर एक मॅडम आहेत, त्या फार कमी बोलतात. पहिल्या दिवशी गोल बसून ओळखी झाल्या, घरचे काय करतात वगैरे. कोणाचे वडील सर्जन, कोणाची आई वकील. शेजारी बसतो त्या चष्मेवाल्याचे वडील परिवहन क्षेत्रात आहेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, बाबा आपल्याच कंपनीत आहेत, वितरणात. सगळे "अरे वा" म्हणाले.

काम अजून दिलेलं नाही. सध्या खुर्चीत कामात असल्यासारखं बसायला शिकते आहे. आईला सांगा, जेवते आहे.

तुमची
खार


१२ मे

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदा मी वाचलं, एकदा तुझ्या आईने माझ्या कानाशी मोठ्याने वाचलं. तेव्हा ते शेजाऱ्यांनाही पोचलं. तुझा फोन येतो तेव्हा ती बोलत असते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. पॅकिंग मशीनशेजारी सोळा वर्षं काढली, त्या मशीनने कानांचं जे करायचं ते केलं. फोनमध्ये मला नुसता भुंगा ऐकू येतो आणि मोबाइलच्या बारीक अक्षरात जीव रमत नाही. कागद बरा. त्याला "काय म्हणालीस" असं विचारावं लागत नाही.

'वितरण' हा शब्द मला आवडला. मी गोदामात सगळ्यांना सांगितलं, आजपासून मी मुकादम नाही आणि तुम्ही हमाल नाही, आपण सगळे वितरण. पैलवानाने लगेच कॉलर ताठ केली. फुंकर मारली तर उडेल असा तो माणूस, पण नाव पडलं ते पडलं. तुझी चौकशी करत होता. लहानपणी तुला हातगाडीवर बसवून गोदामाच्या धक्काभर फिरवायचा. खोक्यांवरून खारीसारखी पळतेस म्हणून खार हे नावही त्यानेच ठेवलं, ते तुला आठवत नसेल.

आता माझं एक काम. गोदामाच्या फाटकाशी तांबडी पेटी आहे, सूचनांची. मी दर वर्षी तिच्यात एक सूचनापत्र टाकतो हे तुला माहीत आहे. आजवर एकोणीस टाकली. प्रत्येकाला मुख्यालयाचं छापील उत्तर आलं, 'आपल्या मोलाच्या सूचनेचा विचार होत आहे.' एकोणीसही उत्तरं मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. तुझी आई म्हणते, विचार होतोय होतोय म्हणता म्हणता मुलगी कॉलेजात गेली, विचार काही होईना.

गेली आठ वर्षं मी एकाच गोष्टीवर लिहितो आहे. धक्क्यावरून ट्रकपर्यंत उतरणारा तो सिमेंटचा उतार. पोती फाटतात, साबणाची पूड सांडते, संध्याकाळी धक्का धुतला की सगळं पाणी तिथूनच जातं. वाळल्यावर काही दिसत नाही. सकाळी भरलेली हातगाडी घेऊन पाय ठेवला की कळतं. उतारावर वीतभर अंतराने आडव्या खाचा पाडायच्या आणि पाण्याचा चर डावीकडे वळवायचा, एवढंच करायला हवं. दोन गवंड्यांचं दोन दिवसांचं काम आहे.

वेळ मिळाला तर ती सूचना वाचायची खोली बघून ये. कोण वाचतं, कसं वाचतं, तेवढं कळव. वशिला लावू नकोस. नुसतं बघ आणि जसं असेल तसं लिही.

तुझा
बाबा (वितरण)


२० मे
(हे पत्र पाठवलं नाही.)

बाबा,

खोली सापडली. ती तळघरात आहे आणि आमच्या गटाला कामच तिथलं मिळालं आहे.

चाळीसेक खोकी आहेत, प्रत्येक गोदामाचं आणि कारखान्याचं वेगळं. बहुतेक लिफाफे फोडलेलेच नाहीत. लिफाफ्यावरचं नाव बघून एक यंत्र ते छापील उत्तर पाठवून देतं, इतकंच. आत काय आहे ते कोणी बघत नाही. आता जागा रिकामी करायची आहे, म्हणून आम्ही लिफाफे फोडायचे, कम्प्युटरवर नोंद करायची आणि कागद रद्दीत टाकायचे. नोंद करताना रकाना निवडावा लागतो. उत्पादन, सुरक्षा, कर्मचारी, इतर. 'सुरक्षा' निवडलं की अकरा प्रश्नांचं आणखी एक पान भरावं लागतं. ते सुरक्षा विभागात जातं, पाठवणाऱ्याच्या आणि नोंद करणाऱ्याच्या नावासकट, मॅडमच्या सहीने. 'इतर' निवडलं की एका बोटात काम होतं. माणशी रोज दोनशे नोंदी करायच्या आहेत. त्यामुळे सगळं 'इतर'मध्ये जातं.

जेवणाच्या सुट्टीत त्यातल्या गमतीच्या सूचना मोठ्याने वाचायची पद्धत पडली आहे. सोमवारी चष्मेवाल्याने एक कागद काढला. पट्टीने आखलेल्या रेघा, टाक झिजवून काढल्यासारखं अक्षर, खाली उताराची आकृती आणि तिच्यावर घसरणारा एक छोटा माणूस. त्याने तोंड उघडायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. "साबणाच्या कंपनीत माणसं घसरतात. ही सूचना आहे की जाहिरात?" असं तो म्हणाला आणि सगळे हसले. मग कोणीतरी म्हणालं, तुझा आवाज चांगला आहे, तू वाच.

मी वाचलं, बाबा. नुसतं वाचलं नाही. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने, एकेक शब्द ठोकून, तुमच्या आवाजात वाचलं. खाली तुमचं नाव होतं, त्यावर अंगठा ठेवला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन आठवडे मी कोपऱ्यात एकटी जेवत होते. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या टेबलाशी जागा करून दिली. आता तुम्हाला तिथे 'उतारवाले काका' म्हणतात.

आणखी एक निघाला. पूर्ण कोरा, खाली फक्त सही. त्यावर तर ते जास्तच हसले. काकांना त्या वर्षी काही सुचलं नाही, म्हणे. मला वाटलं, त्या वर्षी तुम्ही दमला असाल.

मग आपल्या गोदामाचं खोकं मी स्वतःकडे मागून घेतलं, आणखी कोणाला नाव दिसायला नको म्हणून. तुमची एकोणीसही पत्रं मी नोंदवली. सगळी 'इतर'मध्ये. 'सुरक्षा' निवडलं असतं तर तुमचं आणि माझं, एकच आडनाव, एकाच पानावर मॅडमच्या समोर गेलं असतं.

जनाची नाही तर मनाची तरी म्हणतात. माझं उलटं झालं. जनाचीच वाटली, मनाची आता वाटते आहे. हे पत्र मी


२१ मे

बाबा,

तुमचं काम केलं. खोली पाहिली.

सातव्या मजल्यावर आहे, भरपूर उजेडाची. खिडकीशी एक वयस्क साहेब बसतात. ते प्रत्येक कागद स्वतः वाचतात आणि तांबड्या पेन्सिलीने खुणा करतात. टेबलावर गठ्ठा होता आणि तुमचा उताराचा कागद सगळ्यांत वर होता. मी तुमचं अक्षर लांबूनच ओळखलं. त्यावर कोपऱ्यात 'तातडीने' असं लिहिलेलं होतं. वशिला नको म्हणालात, म्हणून मी काही बोलले नाही.

माझं बरं चाललं आहे. मैत्री झाली सगळ्यांशी. आता एका टेबलाशी जेवतो.

घाईत आहे.

तुमची
खार


२९ मे

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझं पत्र शर्टाच्या खिशात आहे. घडीवर आता फाटायला आलं आहे, इतक्यांनी हाताळलं.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. या महिन्यात उतारावर दोघं घसरले. लागलं फार नाही, पण माणसं बिथरली. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की खाचा पडेपर्यंत एकही गाडी उतारावरून न्यायची नाही. खोकी हातोहात उतरवायची, ट्रकला उशीर झाला तर होऊ दे. तसा कागद करून सह्याही झाल्या होत्या. तिसरी सही माझी होती. सोमवारी तो व्यवस्थापकाला द्यायचा होता.

शनिवारी तुझं पत्र आलं. मी ते चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, वर कागदावर 'तातडीने' लिहून झालं आहे, आता भांडण कशाला, पंधरा दिवस कळ काढा. एक दोघं कुरकुरले. हे कागद आपण पुष्कळ पाहिले मुकादम, असं म्हणाले. पण पैलवान म्हणाला, "खारीने डोळ्यांनी पाहिलंय ना? मग मी थांबतो." त्याने गाडी धरली, तशी बाकीच्यांनीही धरली.

सह्यांचा कागद मी घडी करून डब्यात ठेवला आहे. तुझ्या आईने आज डब्यावरची धूळ पुसली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

त्या साहेबांना माझा नमस्कार सांगू नकोस. वशिला दिसेल.

तुझा
बाबा


३ जून

बाबा,

पत्र मिळालं. इथे काम फार आहे. सूचनांच्या बाबतीत वेळ लागतो म्हणतात, इतक्या लवकर धरून चालू नका. माणसांना जपून चालायला सांगा. शक्य असेल तर तो सह्यांचा कागद देऊनच टाका, त्याने काही बिघडत नाही.

बाकी सविस्तर नंतर लिहिते.

खार


११ जून

चि. खारीस,

आईला सांगितलं होतं की फोनवर बोलू नकोस, मी लिहीन. म्हणून तुला उशिरा कळतं आहे.

मंगळवारी सकाळी पहिल्याच खेपेला पैलवान घसरला. गाडीवर दहा खोकी होती. तो खाली गेला आणि गाडी त्याच्यावर आली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन करून आत सळई घातली आहे. जिवाला धोका नाही. कंपनीने दवाखान्याचं अंगावर घेतलं आहे. तीन महिन्यांनी उभा राहील, पण ओझं उचलायचं काम यापुढे नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या गाडीत मी त्याच्याजवळ बसलो होतो. तो काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मी कान त्याच्या तोंडाशी नेला तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, "मुकादम, ते तातडीचं कधी येणार होतं?"

तू लिहिलं होतंस, सह्यांचा कागद देऊन टाका. ते पत्र बुधवारी मिळालं.

त्या साहेबांचं नाव काय आणि ते कोणत्या वेळी भेटतात ते कळव. मी येतो. रजा टाकली आहे. भांडायला येत नाही, त्यांना फक्त तारीख विचारायची आहे.

बाबा


१४ जून

बाबा,

येऊ नका. सातव्या मजल्यावर तसे कोणी साहेब नाहीत. तांबडी पेन्सिल नाही. 'तातडीने' असं कोणीही लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं होतं, तुम्हाला पाठवलेल्या पत्रात.

सोबत २० मेचं एक पत्र आहे. ते आधी वाचा. ते लिहून मी उशीच्या अभ्र्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला दुसरंच पाठवलं.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं लिहिलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. खरं लिहिलं असतं तर माझ्या अंगठ्याबद्दलही लिहावं लागलं असतं. आणि २९ तारखेचं तुमचं पत्र आल्यावर तर मला सगळं कळलं होतं. माणसं थांबली आहेत ती माझ्या शब्दावर, हे कळलं होतं. त्या दिवशी आईला एक फोन केला असता तरी पुरलं असतं. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. मग 'वेळ लागतो म्हणतात' असं लिहिलं.

तुमचं पत्र वाचून मी तळघरात गेले. कागद अजून रद्दीत गेले नव्हते. तुमच्या एकोणीस पत्रांचा रकाना बदलून 'सुरक्षा' केला आणि प्रत्येकाचे अकरा प्रश्न भरले. सातवा प्रश्न आहे, 'या धोक्यामुळे आजवर कोणी जखमी झाले आहे काय?' गेल्या महिन्यात भरला असता तर किरकोळ लिहून भागलं असतं. आता पूर्ण लिहिलं. कोऱ्या कागदाचंही पान भरलं, कारण तो सोडायचा अधिकार मला आहे असं वाटेना. वरातीमागून घोडं, हे मला कळतं आहे.

मग ती पानं घेऊन मॅडमकडे गेले आणि हे माझे वडील, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, "कसली?" मी पानं त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी सह्या केल्या.

पैलवानकाकांचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही मला काहीही बोला, पण लिहा.

तुमची मुलगी


४ जुलै

चि. मुलीस,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसत होतो, पण पहिली ओळ बरी येत नव्हती.

गेल्या सोमवारी पोस्टमन एकदम एकोणीस लिफाफे घेऊन आला. तू रकाना बदललास, तशी त्या यंत्राने पुन्हा एकोणीस उत्तरं पाठवली. 'आपल्या मोलाच्या सूचनेचा विचार होत आहे.' तुझी आई म्हणाली, आता दुसरा डबा आणावा लागणार. पण आम्हा दोघांनाही हसू आलं नाही.

त्यातलं एक कोऱ्या कागदाचं होतं. त्या वर्षी मी दमलो नव्हतो. अकरा वर्षांपूर्वी मला शंका आली, म्हणून मी मुद्दाम कोरा कागद टाकला. महिन्याने उत्तर आलं की माझ्या मोलाच्या सूचनेचा विचार होत आहे. तेव्हापासून मला माहीत आहे की वर कोणी वाचत नाही. तरी लिहीत राहिलो, कारण त्या निमित्ताने वर्षातून एकदा गोदाम नीट बघून होतं. तुला खोली बघायला सांगितलं ते म्हणूनच. वाटलं होतं, तू लिहिशील की बाबा, तळघर आहे, धूळ आहे, कुत्रं विचारत नाही, आणि मग आपण दोघं हसू.

पण तू लिहिलंस की वाचतात. मी तुझ्या आईला म्हटलं, बघ, उगाच अकरा वर्षं त्यांना नावं ठेवली.

मुख्यालयाच्या शब्दावर मी माणसांना कधीच थांबवलं नसतं. तुझ्या शब्दावर थांबवलं.

तू माझा आवाज काढून वाचलंस ते फार लागलं नाही. मी ओरडतो हे तुझी आई रोज सांगते, आणि तुला नकला लहानपणापासून छान येतात. अंगठा लागला.

पैलवानाला मी सांगितलं की माझं चुकलं, मी थांबवायला नको होतं. तुझं नाव घेतलं नाही. तुला वाचवायचं म्हणून नाही. तो भाग माझा नाही, म्हणून.

खाचा झाल्या. कोणाला न विचारता आम्हीच रविवारी छिन्नी हातोडा घेऊन बसलो. मी दोरी लावून मापं दिली. तुझी पानं पोचली असावीत, कारण गुरुवारी सुरक्षा विभागाचा माणूस कॅमेरा घेऊन आला. चराचं काम मंजूर केलं. खाचा बघून म्हणाला, छान पाडल्यात, कोणी केलं हे? मी म्हटलं, वितरणाने.

तब्येत सांभाळ.

बाबा


११ जुलै

बाबा,

तुमचं पत्र आलं तेव्हा घरमालकीणबाई दारात होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता मशीनवर जाऊन बसल्या.

काल आमचा शेवटचा दिवस होता. दहा आठवड्यांत काय शिकलो ते प्रत्येकाने मोठ्या सभागृहात उभं राहून सांगायचं असतं. मी तुमचे दोन कागद नेले, उताराचा आणि कोरा. आधी सांगितलं, की माझे वडील गोदामात मुकादम आहेत, त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि उतारवाले काका म्हणजे तेच. मग उताराचा कागद वाचला, माझ्या स्वतःच्या आवाजात. माझं एका बोटाचं काम सांगितलं आणि त्यानंतर काय झालं तेही सांगितलं. शेवटी कोरा कागद दाखवला आणि तो का कोरा आहे ते सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी तो कोरा कागद मागून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. मॅडम म्हणाल्या, यापुढे 'इतर' निवडायचं असेल तर कारण लिहावं लागेल. ते कारण कोणी वाचेल की नाही, मला माहीत नाही. या खेपेला मी पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

चष्मेवाला जिन्यात भेटला. बराच वेळ चष्मा पुसत उभा होता. त्याचे वडील बस चालवतात. 'परिवहन' त्याने आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं, म्हणाला.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. सामान घेऊन घरी न येता आधी पैलवानकाकांकडे जाईन. तुम्ही सोबत आलात तर मी तुमच्या मागे लपेन, म्हणून आत येऊ नका. फक्त एवढं कळवा की ते मला घरात घेतील का.

तुमची मुलगी


१५ जुलै

चि. खारूताईस,

तू येणार हे पैलवानाला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. त्याला वाटतं, तू आठवणीने भेटायला येते आहेस. सकाळपासून चार जणांना सांगून झालं, की खार मुख्यालयातून थेट मला बघायला येणार. ओझं उचलायचं काम आता नाही, हे त्याला कळलं आहे. तेव्हापासून आज पहिल्यांदा एवढा बोलला.

त्याच्या खोलीत बसायला पलंग एकच आहे आणि त्यावर तो. म्हणून शेजारून खुर्ची मागून आणली आहे. बायकोकडून ती दोनदा पुसून घेतली आणि पलंगाला लावून ठेवली. मी बसायला गेलो तर म्हणाला, मुकादम, ती खारीची.

तेव्हा घरात घेतील का, हे विचारू नकोस. शनिवारी तिथे जा आणि त्याच खुर्चीवर बसून सांग.

मी बाहेर पायरीवर थांबेन. आतलं मला काही ऐकू येणार नाही. झालं की हाक मारू नकोस, बाहेर येऊन खांद्याला हात लाव.

बाबा